तिसऱ्या वळणावर

रांगोळी काढणारा प्रोग्रॅम हयग्रीवनं लिहिला, कोडसकट फ्लॉपीवर भरून मागेल त्याला फुकट दिला. वर्षभरानं तो वारला. त्याची बायको तुळसी फ्लॉप्या वाटत राहिली. मद्रासच्या एका कंपनीनं प्रोग्रॅम आपलाच म्हणत तिच्यावर दावा ठोकला. कुंभकोणमच्या कोर्टात कंपनीच्या वकिलानं आपली प्रत चालू केली. पडद्यावर ठिपक्यांभोवती रेघ धावली, तिसऱ्या वळणावर क्षणभर थबकली. “इथं का थांबते?” न्यायाधीशांनी विचारलं. “मशीनचा दोष, साहेब,” वकील म्हणाला. तुळसी उठली. “दोष नव्हे. रोज सकाळी मी दारात रांगोळी घालायची, हे ओट्यावरून बघायचे. त्या वळणावर माझी नजर ह्यांच्याकडे जायची.” न्यायाधीशांनी प्रोग्रॅम पुन्हा लावायला सांगितला. रेघ तिथंच थांबली. तुळसीनं सवयीनं वर पाहिलं. समोरचं बाक रिकामं होतं. तिची नजर खाली आली, तेव्हा कुठे रेघ पुढे निघाली.