बिनसाबणाचा शनिवार

शनिवारची दुपार व्हायला आली तरी जिना ओला झाला नाही, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या श्टोलबाई वर आल्या.

इर्मट्राउट आइझेले स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर सॅलडचं मोठं भांडं, भांड्यात मिठाचं पाणी, आणि पाण्यात फ्रीडोलिन, तिचा बेडूक. जन्मभर पाण्यातच राहणाऱ्या जातीचा. एरवी टाकीत धुडगूस घालणारा, पण आता दगडासारखा पडून होता. पाठीवर आणि मागच्या पायांवर कापूस उगवावा तसे बुरशीचे पांढरे पुंजके आले होते. नवरा गेल्यापासून त्या घरात तिच्याखेरीज श्वास घेणारं एवढं एकच उरलं होतं.

"दार उघडंच आहे," तिने बसल्या जागेवरून सांगितलं.

श्टोलबाई आत आल्या त्या दारावर लटकलेली लाकडी पाटी हातात घेऊनच. जिना झाडण्या-पुसण्याची पाळी ज्याची, त्याच्या दाराच्या मुठीला ही पाटी आठवडाभर लटकते. जर्मनीतल्या या एसलिंगेन शहरात माणूस एक वेळ प्रार्थनेला दांडी मारेल, पाळीला मारणार नाही. इर्मट्राउटने तर आजवर कधीच मारली नव्हती. तिने पुसलेल्या जिन्याला नावं ठेवायला जागा नसे, आणि श्टोलबाईंना तशी जागा शोधायची हौस दांडगी.

"आइझेलेबाई, बरं आहे ना तुम्हाला? पाटी तुमच्या दाराला आणि जिना कोरडा ठणठणीत."

"मी बरी आहे. हा आजारी आहे."

श्टोलबाईंनी भांड्यात डोकावलं आणि लगेच मागे सरल्या. "हे सॅलडचं भांडं ना?"

"होतं."

"अहो, उद्या माझे होणारे व्याही येतायत कॉफीला. थेट हॅम्बुर्गहून. त्यांना काय या असल्या जिन्यावरून वर आणू?"

"आणा की. पाय आहेत ना त्यांना?"

श्टोलबाईंना हे लागलं. इतक्या वर्षांच्या शेजारात इर्मट्राउट कधी असं बोलली नव्हती. त्या खुर्ची ओढून बसल्या, बसा म्हणायची वाट न बघता.

इर्मट्राउट पाण्याकडे बघतच बोलू लागली. "याच्या टाकीची सफाईही मी शनिवारीच करायचे. जिना झाला की टाकी. काच, खडे, झाडं, सगळं भांड्यांच्या साबणाने घासून लख्ख. काल प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकी स्वच्छ टाकी मी उभ्या आयुष्यात बघितली नाही, आणि त्या स्वच्छतेनेच याची कातडी गेली. कितीही धुतलं तरी खड्यांत साबण राहतो. बेडूक पाणी पितो तेच मुळी कातडीतून. ती सोलवटली आणि तिच्यावर बुरशी धरली."

"आता हे कुणाला माहीत असतं?"

"बाकी सगळ्यांना असतं म्हणे. साबणाने टाकी घासणारे डॉक्टरीणबाईंना फक्त आपल्याच भागात भेटतात."

श्टोलबाईंकडे मासे होते, आणि त्यांची टाकीही साबणानेच घासली जाई.

"हा जगेल ना पण?" त्यांनी विचारलं.

"ते त्या बोलल्या नाहीत. औषध दिलंय, रोज मिठाच्या पाण्यात बसवायचा, आणि माझ्या हाताला साबण लागता कामा नये."

"एवढंच ना? मग हातमोजे घाला. मी आणते खालून."

"घालता येतील," इर्मट्राउट म्हणाली. "पण घालणार नाही."

आपण नीट ऐकलं नाही असं श्टोलबाईंना वाटलं. त्यांनी मान पुढे काढली.

"घासून घासून मी याला मारायला निघाले होते, श्टोलबाई. दर शनिवारी. आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेत होते. आज मी काहीसुद्धा घासणार नाही. जिना नाही, बेसिन नाही, हे टेबलसुद्धा नाही."

तिला रडू येत होतं, आणि राग त्याहून जास्त येत होता. तो कुणावर आहे हे ठरवायच्या भानगडीत ती पडली नाही. टेबलावर सकाळच्या पावाचा चुरा होता, कॉफीचा डाग होता. श्टोलबाईंनी सवयीने चुरा तळहातावर गोळा केला, मग तिचा चेहरा बघितला आणि तो परत टेबलावर ठेवला.

"मला घरमालकांच्या कानावर घालावं लागेल हे."

"घाला. नाव नीट सांगा. तिसरा मजला, आइझेले."

एवढ्यात पाणी हललं. फ्रीडोलिनने पाठ वाकवली, अंग आवळलं, पुन्हा सैल सोडलं. मग पुढचे दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि ओला सदरा काढावा तशी अंगावरची कातडी पुढे ओढू लागला. पातळ, धुरकट पापुद्रा सुटत आला. त्याला चिकटून पुंजकेही आले, सगळे नाही, पण पाठीवरचे बरेचसे. खाली नवी, ओली, गुलाबीसर कातडी दिसली. सुटलेला पापुद्रा फ्रीडोलिनने दोन्ही हातांनी तोंडात कोंबला.

"शी," श्टोलबाई म्हणाल्या. "स्वतःचीच घाण खातोय तो."

"खाऊ दे. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा खातोय."

श्टोलबाई तोंड वाकडं करून बघत राहिल्या, पण त्यांची नजर काही हलेना. शेवटचा तुकडा आत गेल्यावर आपण कशासाठी आलो होतो ते त्यांना आठवलं.

"आणि जिना?"

इर्मट्राउटने मानही वर केली नाही.

"जिन्याला काही झालेलं नाही."