नीलम्माचा फोन

चार-चार गेम झाले तशी नीलम्मा बाकावरून उठली, जाळीपाशी गेली आणि वाजलाच नव्हता तो फोन तिनं कानाला लावला.

कोर्टावर तिची बारा वर्षांची प्रेरणा खेळत होती. समोर कोल्हापूरचीच संयोगिता, तिच्याहून वीतभर उंच. जी आधी सहा गेम घेईल तिचं नाव जिल्ह्याच्या संघात जाणार होतं, आणि संघात एकच जागा उरली होती. या एका जागेसाठी तीन वर्षं नीलम्मा पहाटे कागलहून स्कूटीवर पोरीला इथं कोल्हापुरात सरावाला घेऊन येत होती, परत नेऊन शाळेत सोडत होती आणि वर दुकानही सांभाळत होती. हायवेवरच्या ट्रकवाल्यांना तिनं जेवढ्या शिव्या घातल्या तेवढे बॉल पोरीनंही मारले नसतील. स्वतः तिनं कधी रॅकेट हातात धरली नव्हती. पण बघून बघून नजर अशी तयार झाली होती, की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं.

आत्ताही तिनं बरोबर हेरलं होतं. संयोगिताचा फोरहँड म्हणजे तोफ, पण बॅकहँडला पोरगी कचरत होती. बॉल त्या बाजूला आला की पळत वळसा घालून फोरहँडच मारायची. दोनदा वळसा घालायला वेळ मिळाला नाही, तर दोन्ही बॉल नेटमध्ये. प्रेरणाच्या बाजूनं बघितलं तर ही कच्ची जागा उजवीकडं होती.

पण सांगायचं कसं? मॅच चालू असताना बाहेरून एक शब्द सांगायचा नाही, सांगितला तर पॉइंट जातो. पुण्याहून आलेल्या रेफरींनी सकाळीच सगळ्या आईबापांना उभं करून बजावलं होतं. प्रेरणाचे कोच जोतीराम सर तर याबाबतीत इतके कडक, की आपल्या पोरांची मॅच सुरू झाली की कोर्टाकडं चक्क पाठ करून बसायचे. नुसत्या आवाजावर मॅच ऐकायचे. "माझं तोंड बघून पोरगी खेळली, तर ती कुठं खेळली? मीच खेळलो की," म्हणायचे. आजही कट्ट्यावर ते तसेच बसले होते.

रेफरींना कन्नड कुठून येणार? सरांनाही येत नव्हतं. नीलम्माच्या घरात मात्र चुलीपासून देवघरापर्यंत सगळं कन्नडातच चालायचं.

"हां अत्ती," ती फोनमध्ये मोठ्यानं म्हणाली, "बलक्क हाक! बलक्क!"

अत्ती म्हणजे सासूबाई. बाकीच्याचा अर्थ एवढाच, की उजवीकडं टाक.

रेफरींनी मान वर केली. "ताई, कोणाशी बोलताय?"

"सासूबाईंशी ओ. गावाकडनं फोन हाय."

"जरा हळू बोला."

सासूबाई त्या वेळी कागलला दुकानात कुणाला तरी साबणाची वडी देत असतील. आपल्या नावावर काय चाललंय याचा बिचारीला पत्ता नव्हता.

प्रेरणानं आईकडं एकदा बघितलं. मग बॉल दोनदा आपटला आणि सर्व्हिस केली.

त्यानंतरचा पहिलाच बॉल तिनं डावीकडं टाकला, थेट तोफेच्या तोंडी. नीलम्माला वाटलं, चुकला असेल. पुढचाही डावीकडंच गेला. एकदा तर संयोगिता एवढी लांब ओढली गेली, की उजवीकडं दोन म्हशी बांधता याव्यात इतकी जागा मोकळी पडली. प्रेरणानं तिकडं बघितलंसुद्धा. आणि बॉल पुन्हा डावीकडं मारला.

नीलम्मा आणखी दोनदा सासूबाईंशी बोलली. काही उपयोग झाला नाही.

पण पोरगी काय खेळली म्हणून सांगू! समोरून गोळे येत होते आणि ही एकेक उचलून परत धाडत होती. पांढरे मोजे मातीनं लाल झाले. एक गेम संयोगितानं घेतला, एक हिनं ओढून आणला. पाच-पाच. बाकावरच्या आईबापांच्या हातातला चहा गार झाला. बारा वर्षांच्या मुलीत एवढा दम येतो कुठून, असं प्रत्येकाला वाटत होतं. शेवटचा गेम बराच वेळ लोंबकळला आणि संयोगिताच्या एका फोरहँडवर संपला.

सहा-पाच. संघातलं नाव संयोगिताचं.

प्रेरणानं नेटपाशी जाऊन हात मिळवला, रेफरींशी मिळवला आणि बाहेर आली. डोळे लाल होते, पण रडत नव्हती.

जोतीराम सर आता कुठं वळले. "वैनी, शेवटी सगळं फोरहँडलाच गेलं जणू."

नीलम्माचा इतका वेळ दाबलेला राग उसळला. सरांसमोर आपण काय कबूल करतोय याचंही भान तिला राहिलं नाही. "व्हय गं, बहिरी झालीस काय? घसा फोडून वरडत होतो मी तितं. ऐकू आलं न्हाय तुला?"

"आलं की."

"मग का न्हाईस घातला तिकडं?"

प्रेरणा खाली बसली. बूट काढून तिनं आतली माती झटकली.

"मलाबी दिसलंतं, अव्वा," ती म्हणाली. "पुढचाच बॉल तिकडं घालणार होतो. तेवढ्यात तू बोललीस."