पुठ्ठ्याचं घर

दुसरीच्या बाईंची लेक यंदा त्यांच्याच वर्गात आली. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला बजावलं, "इथे मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. नाहीतर बाकीच्यांना वाटेल, मी तुझेच लाड करते." तिचा चेहरा एवढासा झाला. पण पोरीने शब्द पाळला.

आज पालकांनी वर्गात येऊन आपल्या मुलांसोबत पुठ्ठ्याचं घर करायचं होतं. "तूपण ये ना," असं बाई सकाळी नवऱ्याला म्हणाल्या, तर तो म्हणाला, "मी कशाला? तू आहेसच की तिथे."

वर्ग आईबाबांनी गजबजला. कुणाला कात्री दे, कुणाची भिंत धर, असं करता करता बाईंच्या नाकालाही डिंक लागला. तेवढ्यात मागच्या बाकांवर एकेकटी बसलेली मुलं दिसली, तशा त्या म्हणाल्या,

"ज्यांच्या घरचं कुणी आलं नाही ना, त्यांनी माझ्याकडे यायचं. आपण मिळून करू."

मुलं पुठ्ठे घेऊन टेबलाशी आली. सगळ्यात शेवटी त्यांची लेक येऊन उभी राहिली.



"बाई, माझ्यापण घरचं कुणी आलं नाही."