आधी उघडा

"तांडेलाने तेलाशिवाय बोट हाकलीय," जाम झालेल्या इंजिनाकडे एक नजर टाकून विश्राम मिस्त्रींनी निकाल देऊन टाकला. पंचवीस वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त केल्यावर, केवळ बोटमालकाच्या आग्रहाखातर ते इंजिन-दुरुस्तीच्या या प्रशिक्षणाला आले होते.

"आधी उघडा, मग बोला," शिकवणाऱ्या अश्लेषा मॅडम हसून म्हणाल्या.

मिस्त्रींनी खालचं चेंबर खोललं. तेल काठोकाठ! पण जाळीत चिंधी अडकल्याने ते वर चढलंच नव्हतं. वर्गात हशा पिकला. मिस्त्रीही हसले, आणि हसताहसता त्यांना काहीतरी आठवलं. गेल्या मोसमात हनीफ तांडेलाचं इंजिन त्यांनी असंच न उघडता 'तेलाशिवाय चालवलं' म्हणून निकालात काढलं होतं, आणि मालकाने हनीफला बोटीवरून उतरवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन लावला. "हनीफ, मी न बघताच तुझ्यावर खापर फोडलं रे."

"मिस्त्री, तेव्हा घसा कोरडा पडेपर्यंत मी हेच सांगत होतो! इंजिन अजून शेडमध्येच आहे. रविवारी या, उघडू."

रविवारी दोघांनी ते खोललं. तेल भरपूर होतं. तेलाच्या पंपाचे दातेच झिजले होते. मिस्त्रींनी तिथेच बसून मालकाला रिपोर्ट लिहिला: 'चूक तांडेलाची नाही. न बघता बोलणाऱ्या मिस्त्रीची आहे.'

मालकाने हनीफला लगेच बोलावणं धाडलं. "विश्रामच्या जागी नवा मिस्त्रीही शोधतोय," मालक म्हणाला.

"मग मी येत नाही," हनीफ म्हणाला. "माझ्या इंजिनाला विश्राम मिस्त्रीच हवेत. आता ते उघडून बघतात."