हारुकाचं इंग्रजी

हारुका इंग्रजीत सपशेल नापास झाली. पण असं काही घडलेलंच नाही, अशी दीप्तीची घरात सगळ्यांना सक्त ताकीद आहे. कारण जपानहून इंग्रजी शिकायला आलेल्या या मुलीची टीचर दीप्तीच, आणि परदेशातल्या टाकानिनी या उपनगरात ज्या घरात ती होमस्टेला राहते, ते घरही दीप्तीचंच.

क्लास सकाळचे दोन तास. उरलेला दिवस हारुका दीप्तीच्या सासूबाईंच्या ताब्यात. आणि सासूबाई एकदा बोलायला लागल्या की समोरच्याला मराठी येण्यावाचून गत्यंतर नसतं.

दीप्तीचा लेक अक्षत मात्र इथेच जन्मलेला. त्याला मराठी सगळं कळतं, पण कालपर्यंत बोलला एक शब्द नव्हता. समजावणं, रागावणं, आइस्क्रीम, सगळं करून झालं होतं.

काल जेवताना आजीने पोळी पुढे केली.

"नो थँक्स आजी, आय'म फुल."

"काय म्हणाला हा?" हारुकाने विचारलं.

अक्षतने सुस्कारा सोडला. "अगं ताई, पोट भरलंय म्हटलं माझं."

"मग असं नीट सांग की. आजीशी बोलतोयस, भिंतीशी नाही."

सासूबाई पोळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

आज सकाळी दीप्तीने प्रिन्सिपलना मेल टाकला.



"सदर विद्यार्थिनीस आणखी किमान एक वर्ष इंग्रजी येऊ नये, याबाबत आपल्या स्तरावर योग्य ती दक्षता घ्यावी, ही नम्र विनंती."