पाहुण्यांच्या नाकासाठी

पाहुणे यायला तासभर उरला होता आणि टाकीतून फिनाईलचा वास येत होता. संशोधक उषा सोनकांबळेनं घाईनं झाकण उघडलं. वरचा फेस पार बसला होता. तेलगिरणीचा काळा गाळ खाऊन इंधन तयार करणारे तिचे सूक्ष्मजीव मेले होते.

“मीच ओतायला लावलं,” मॅनेजर चिंचोलकर टाय सारखा करत म्हणाले. “मंत्र्यांसमोर असला घाणेरडा वास? शोभतं का?”

“अहो साहेब, जंतू मेले सगळे!”

“मरू द्या. जनरेटरमध्ये डिझेल भरलंय. तुम्ही फक्त हसत उभ्या राहा.”

चार वर्षं याच माणसानं तिला ‘गटारवाल्या मॅडम’ म्हणून हिणवलं होतं. आज त्याच्याच कोटावर ‘प्रकल्पप्रमुख’ असा बिल्ला झळकत होता. रोज त्या गाळात कोपरापर्यंत हात घालूनही तिला अशी किळस कधी आली नव्हती.

मंत्र्यांनी बटण दाबलं. जनरेटर धडधडला, टाळ्या पडल्या. चिंचोलकरांनी मोठ्या कौतुकानं तिच्या हाती माईक दिला. “सांगा मॅडम, आपले जंतू काय खातात ते!”

“गाळ खायचे, साहेब,” ती मंत्र्यांकडे वळून म्हणाली. “सकाळी यांनी फिनाईल पाजलं आणि मेले. हा जनरेटर पंपावरच्या डिझेलवर चाललाय.”

चिंचोलकरांचं हसू ओठांवर तसंच चिकटून राहिलं.

“मग आता?” मंत्र्यांनी विचारलं.

“थोडे जंतू मी फ्रीजमध्ये जपून ठेवलेत. सहा आठवड्यांत पुन्हा टाकीभर वाढवून दाखवते. तेवढं यांना टाकीपासून लांब ठेवा.”