हात कुणाचा

"आधी एक उकळी दे की. साल आपोआप सुटेल," ओझेला खुर्चीतून म्हणाली.

व्हर्निटानं मान वर केली नाही. सिंकमध्ये गार पाणी, पाण्यात डुकराची आतडी, आणि तिच्या चिमटीत आतला पातळ पापुद्रा. तो फाटू न देता ती हळूहळू सोलत होती.

"उकळली की घाण आतच शिजते, मिस ओझेला. मग ती खायची कुणी?"

ओझेलानं तोंड खिडकीकडे वळवलं. हसू आलेलं सुनेला दिसायला नको होतं. उकळी द्यायचा सल्ला ही तिची परीक्षा होती; तिला आजवर भल्याभल्या फसल्या होत्या.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी या घरात आतडी शिजायची ती ओझेलाच्या हातची. यंदा संधिवातानं तिची बोटं मिटत नव्हती. "मी करते," असं सून म्हणाली, तेव्हा ओझेलानं हो म्हटलं खरं. पण पोरीची पाठ वळली की सगळं पुन्हा बघायचं, हे तिनं मनात ठरवलं होतं. घाणीचा एक कण जरी राहिला असता, तरी पातेलं टेबलावर जाणार नव्हतं.

आत बाळ रडलं. ओला पदर सावरावा तसा एप्रन वर धरून व्हर्निटा पाजायला पळाली.

ओझेला उठली. साफ केलेल्या आतड्यांच्या भांड्यात तिनं पार तळापर्यंत हात घातला. एक तुकडा कसाबसा दोन बोटांत धरून उजेडापुढे धरला. त्यातून पलीकडचं अंगण दिसलं. दुसरा बघितला. तिसऱ्याच्या घड्या उलगडून आत नख फिरवलं. नखाला काही लागलं नाही. चौथा तिनं उचललाच नाही. हात धुतले, खुर्चीत येऊन बसली आणि आत पोरगी गुणगुणत होती ते ऐकत राहिली.

मग कांदा पडला, व्हिनेगर पडलं, वास ओढायला एक अख्खा बटाटा पडला. दुपार कलेपर्यंत पातेलं मंद रटरटत राहिलं.

ओझेलाचा धाकटा भाऊ होझिया चर्चमधून थेट स्वयंपाकघरात आला आणि त्यानं झाकण उचललं.

"वास तर फक्कड सुटलाय. हात कुणाचा?"

"हिचा," ओझेला म्हणाली.

होझियानं झाकण परत ठेवलं, अगदी हळू.

"पोरी, राग मानू नकोस. पण ताईला माहितीय माझं. कुणाच्याही हातची आतडी मी खात नाही. चर्चच्या जेवणातसुद्धा आधी विचारतो, मग ताट पुढे करतो. मला आपला चवळी-भात वाढ."

व्हर्निटानं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. पाण्यात राहून तिची बोटं पांढरीफटक पडली होती, सुरकुतली होती.

ओझेला भावाशी काय भांडणार? त्याला हे तिनंच शिकवलं होतं.

"मिरची घातलीस?" तिनं सुनेला विचारलं.

"अजून नाही. शेवटी घालणार होते."

"थांब मग. आण बाळाला इकडे."

तिनं नातवाला मांडीवर घेतलं. व्हर्निटाला रस्सा वाटीत काढायला लावला. तो चांगला निवेपर्यंत फुंकत बसली. मग न वाकणारी करंगळी त्यात बुडवून तिनं बाळाच्या ओठांना लावली. बाळानं आधी तोंड वाकडं केलं, मग बोटच धरून चोखायला लागलं.

"चाख, राजा," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या हातचं आहे."

होझिया उभ्या उभ्या बघत होता. त्यानं डोक्यावरची हॅट काढली, खुर्ची ओढली आणि ताट पुढे केलं.